नऊ हजार युरोचं ग्लायडर यवतमाळात उतरेपर्यंत

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांचा आहे. थोडक्यात असा: "सर, आमच्या कॉलेजात एनसीसीची पोरं आहेत. गावाला लागून बरड जागा आहे. एक देणगीदार पंधरा लाख द्यायला तयार आहे. जर्मनीतल्या एका जाहिरातीत दोन सीटचं ग्लायडर नऊ हजार युरोला दिसलं, दुसरं एक साडेसहा हजाराला. म्हणजे फार तर नऊ लाख. वर जहाजभाडं धरलं तरी पंधरात बसते ना? मालक म्हणतो टोकन पाठवा. पाठवू का?"

भाऊ, टोकन पाठवू नका. निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी नाही.

माझी उभी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली आणि त्यातली बरीच वर्षं ग्लायडरच्या, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाच्या, पोटात डोकं घालून. आता वर्धेकडे गावी असतो. परदेशातून आलेल्या ग्लायडरचे तीन कंटेनर मी स्वतः उघडलेत. त्यातला एक उघडायला एवढा उशीर झाला, की शेवटी त्या उशिराचं भाडंच पोटात गोळा आणणारं निघालं. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी तुमच्या दोन जाहिराती बघू. साडेसहा हजारवालं आहे ब्लानिक एल-१३. चेकोस्लोव्हाकियाचं, सगळं धातूचं, देखणं आणि फार मजबूत म्हणून एकेकाळी जगभर शिकवणीला वापरलेलं. २०१० साली ऑस्ट्रियात एका एल-१३चा पंख उड्डाणातच तुटला. पंखाच्या मुख्य कण्याला, म्हणजे स्पारला, थकवा येऊन बारीक तडा गेला होता. त्यानंतर युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने हे ग्लायडर जमिनीवर बसवलं आणि बाकी देशांनीही तेच केलं. पुढे काही ठिकाणी तपासणी आणि दुरुस्तीचे मार्ग निघाले, पण तो खर्च ग्लायडरच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून ते साडेसहा हजाराला मिळतंय. मालक खोटं बोलत नाहीये, तो फक्त तुम्ही विचारलं नाही ते सांगत नाहीये. बैलबाजारात बैल बसून आहे का उभा, हे आपण आधी बघतो. हा बसलेला बैल आहे.

नऊ हजारवालं एएसके-१३ आहे, आणि ते मात्र खरोखर चांगलं ग्लायडर. रुडॉल्फ कैसर नावाच्या अभियंत्याने रचलेलं, १९६६ सालचं. धड पोलादी नळ्यांचं, त्यावर कापड, आणि पंख लाकडाचे. जर्मनीतल्या कित्येक क्लबांत आजही त्यावर पोरं शिकतात. मग मी नाही का म्हणतो? आपल्या हवेमुळे. लाकूड, प्लायवूड आणि सरस यांच्यावर जे उभं आहे, त्याला एप्रिल-मेची पंचेचाळीस अंशाची कोरडी आच आणि लगेच जूनपासून चार महिने ओल, असा झटका सोसत नाही. सांधे आतून सुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय वाळवी. आपल्याकडे वाळवी दाराची चौकट खाते, तिला पाइनचा पंख म्हणजे मेजवानी. लाकडी ग्लायडर सांभाळायला लाकडाची दुरुस्ती जाणणारा माणूस हाताशी लागतो. तो आता पुण्यातही शोधावा लागतो, दारव्ह्यात कुठून आणाल?

इथे एक आडवळण घेतो. आपण स्वतः लाकडी ग्लायडर बनवत होतो, हे आज कुणाला खरं वाटत नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या सफदरजंगच्या तांत्रिक केंद्रात त्यांची रचना व्हायची. त्यातलं रोहिणी १९६१ साली उडालं, दोन सीटचं, शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसणारं. शिवाय कार्तिक, अश्विनी, भरणी, मृगशीर, आर्द्रा. नावं बघा. रोहिणी, मृग, आर्द्रा, ज्या नक्षत्रांवर आपण पेरणीचा अंदाज बांधतो, त्याच नावांची पोरं आकाशात होती. माझ्या हाताखालून त्यातली काही गेली. लाकडाचं ग्लायडर भारतात का टिकत नाही, हे मी पुस्तकात नाही, त्यांच्या पंखांत बोट घालून शिकलो. ते काम चालू राहिलं असतं, तर आज तुमचा प्रश्नच वेगळा असता. असो.

तर मग तुमच्यासारख्या संस्थेला काय लागतं? फायबरचं, दोन सीटचं, शिकवणीसाठी बनलेलं, आणि सुटे भाग अजून मिळतात असं. यात पहिलं नाव एएसके-२१. कैसर यांचीच रचना, जर्मनीतल्या श्लायशर कंपनीची, १९७८ साली पहिल्यांदा उडालेलं. नऊशेच्या वर बनलीत आणि कंपनी अजून चालू आहे. १७ मीटरचा पंख, रिकामं वजन सुमारे ३६० किलो, एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत ३३-३४ किलोमीटर जातं. पोरांच्या धक्काबुक्कीला पुरून उरतं. नवं घ्यायचं तर उपकरणं आणि ट्रेलर धरून एक लाख युरोच्या पुढे, म्हणजे एक कोटीच्या पुढे. हिशोबाला सोपं म्हणून मी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरतो. जुनं, पण चांगल्या अवस्थेतलं, वीस-तीस वर्षांचं, ३५ ते ६० हजार युरोत मिळतं. एवढी तफावत कशाने? तीन गोष्टींनी: तास, जेलकोट आणि कागद.

तास म्हणजे किती उडालं. या जर्मन फायबर ग्लायडरांना सुरुवातीला ३००० तासांचं आयुष्य ठरवलेलं असतं आणि त्या टप्प्यावर मोठी तपासणी झाली की पुढची मुदत मिळते. २९५० तासांचं ग्लायडर स्वस्त दिसलं तर समजा, की ती तपासणी मालक तुमच्या डोक्यावर टाकतोय. ती भारतात करायची म्हटली तर माणूस जर्मनीहून बोलवावा लागेल.

जेलकोट म्हणजे फायबरवरचा पांढरा लेप. ऊन आणि ओल लागून त्याला भेगा पडतात, आणि त्या खाली फायबरपर्यंत उतरल्या की सगळा लेप खरवडून नवा द्यावा लागतो. हे हाताने घासायचं, शेकडो तासांचं काम असतं. युरोपात त्याला सहज पंधरा-वीस हजार युरो लागतात. फोटोत जेलकोट कधीच कळत नाही. फोटोत सगळीच ग्लायडरं नवरीसारखी दिसतात. दिवस मावळताना तिरप्या उजेडात पंखाच्या वरच्या बाजूला नाक लावून बघावं लागतं.

आणि कागद. यावर थांबून सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

ग्लायडर म्हणजे कायद्याने विमानच. इंजिन नाही म्हणून सूट नाही. भारतात त्याला व्हीटीने सुरू होणारं नोंदणी-चिन्ह लागतं आणि उडण्यायोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. दोन्ही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देतं. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या १९३४च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे, पण तुमच्यापुरता मुद्दा तोच: त्यांच्या परवानगीआधी आणलेलं ग्लायडर म्हणजे महागडं शोपीस. आधी परवानगी, मग पैसे. पाठवणाऱ्या देशाकडून 'हे निर्यातीच्या दिवशी उडण्यायोग्य होतं' असं प्रमाणपत्र, म्हणजे एक्सपोर्ट सर्टिफिकेट, घ्यायचं. जर्मन नोंदणी रद्द झाल्याचा दाखला घ्यायचा. पहिल्या उड्डाणापासूनची लॉगबुकं, प्रत्येक दुरुस्तीची नोंद, कंपनीची प्रत्येक तांत्रिक सूचना पाळल्याचा पुरावा, हे सगळं हवं. मधलं एक लॉगबुक हरवलं असेल, तर ते ग्लायडर जर्मनीत थोडं स्वस्त होतं, आणि आपल्याकडे आणल्यावर त्याची किंमत शून्य होते. इथला अधिकारी ते पान मागणार, आणि त्याचं चूक नाही.

आणखी एक. जो प्रकार भारतात आधी नोंदला गेलाय तोच निवडा. अगदी नवा प्रकार आणला तर आधी त्या प्रकाराचीच मान्यता घ्यावी लागते, त्यात वर्ष कसं जातं कळत नाही. आणि कुणी मोटर-ग्लायडर गळ्यात मारायला बघेल, 'स्वतःच उडतं, दोर नको' म्हणून. त्याला इंजिन आलं, इंधन आलं, वेगळा परवाना आला. कस्टम्समध्ये ते ८८०१ या ग्लायडरच्या शीर्षकाखाली न राहता ८८०२मध्ये, म्हणजे इंजिनवाल्या विमानांत जातं. करही बदलतो, अटीही.

आता माझ्या उशिराची गोष्ट. त्या वेळी ग्लायडर उत्तम होतं, कागद चोख होते, परवानगी हातात होती. युरोपातून पॅकिंग करणाऱ्याने पंख ठेवायला लाकडी चौकटी केल्या आणि त्यांना साधं, ताजं लाकूड वापरलं. आंतरराष्ट्रीय नियम असा की मालासोबत येणारं लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीडमुक्त केलेलं असावं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीसारख्या खुणेचा शिक्का असावा. आमच्या चौकटींवर शिक्का नव्हता. बंदरावर माल अडला. आमचा क्लिअरिंग एजंट आठवडाभर 'होऊन जाईल, साहेब' म्हणत राहिला, आणि इकडे कंटेनरचं भाडं, जागेचं भाडं, दोन्ही मीटर चालू. शेवटी धुरी तिथेच द्यावी लागली, परवानग्या वेगळ्या. चार चौकटींच्या लाकडापायी जे पैसे गेले, त्यात तुमच्या कॉलेजच्या पोरांची वर्षभराची शिकवणी झाली असती. तेव्हापासून मी पॅकिंगवाल्याला पहिला फोटो शिक्क्याचाच मागतो. नाहीतर चौकटी लोखंडी करायला लावतो.

कंटेनरचं गणित समजून घ्या, पैसा इथे वाचतो. चाळीस फुटी कंटेनर आतून बारा मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. एएसके-२१चं धड ८.३५ मीटर, अर्धा पंख साधारण तेवढाच. एक ग्लायडर टाकलं तरी कंटेनर अर्धा रिकामा राहतो आणि भाडं पूर्ण लागतं. नीट बांधलं तर दोन ग्लायडर येतात: एकाचं नाक पुढे, दुसऱ्याचं मागे, पंख उभे करून कडेला. म्हणून एकट्याने आणू नका. दुसरी संस्था शोधा, नागपूरची, पुण्याची, कुठलीही. दोघांचं एका कंटेनरात आणा, जहाजभाडं, विमा, एजंट सगळं अर्धं. हॅम्बुर्ग ते न्हावा शेवा महिना-सव्वा महिन्याचा प्रवास होता. २०२३च्या शेवटापासून बरीच जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, म्हणून जास्तच धरा. तिथून माल नागपूरच्या कंटेनर डेपोपर्यंत रेल्वेने सीलबंद आणून कस्टम्स तिथेच करता येतं. मुंबईच्या चकरा वाचतात. विदर्भातल्या माणसाने हेच करावं.

आणि एप्रिल-मेत कंटेनर उतरवू नका. हे कुणी सांगत नाही. फायबर ग्लायडर पांढरेच का असतात, कधी विचार केला? शोभेसाठी नाही. त्यातली राळ तापली की नरम पडते. बहुतेक जर्मन ग्लायडरांची मजबुती ५४ अंश तापमानापर्यंतची तपासलेली असते. पांढऱ्या रंगाने उन्हात पंख त्या खाली राहतो. पण डेपोच्या सिमेंटवर मे महिन्यात बंद पडलेला लोखंडी कंटेनर आतून किती तापतो, ते हात लावून बघा. मी एकदा कापसाच्या जिनिंगच्या बंद शेडमध्ये दुपारी तीनला पत्र्याखाली थर्मामीटर टांगला होता, ५६ दाखवला. चौकटीवर वेडावाकडा टेकलेला पंख त्या तापात तसाच वाकून राहू शकतो. म्हणून माल ऑक्टोबर ते जानेवारीत यावा, असा हिशोब धरून ऑर्डर द्या.

आता पैसे. कर कसा लागतो ते समजा, दर मात्र ऑर्डरच्या आठवड्यात एजंटकडून लेखी घ्या, कारण ते अर्थसंकल्पाने आणि अधिसूचनांनी बदलतात. ग्लायडरची किंमत, जहाजभाडं आणि विमा यांची बेरीज म्हणजे कस्टम्सचं मूल्य. त्यावर मूळ सीमाशुल्क. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार. आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे करावर कर. विम्याची आणि भाड्याची खरी पावती जपून ठेवा. पावती नसेल तर कस्टम्स नियमाने भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरतं. भाडं तुम्हाला त्यापेक्षा कमी पडलं असेल, तर उगाच जास्त कर भराल. जुना माल म्हणून मूल्यावर शंका घेतली जाते, तेव्हा चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन सोबत ठेवा. आणि जर्मन मालकाने 'बिलात कमी दाखवतो' म्हटलं, तर हात जोडा आणि दुसरा मालक बघा. ग्लायडरचे भाव उघड असतात, कस्टम्सच्या पोराला फोनवर दोन मिनिटांत सापडतात.

उदाहरण म्हणून आकडे मांडतो, दर फक्त समजण्यापुरते. ग्लायडर ४० हजार युरो, म्हणजे ४० लाख. जर्मनीतली वाहतूक, पॅकिंग, अर्ध्या कंटेनरचं भाडं, विमा मिळून ५ लाख धरा. मूल्य झालं ४५ लाख. सीमाशुल्क समजा १० टक्के असेल तर साडेचार लाख, अधिभार ४५ हजार. बेरीज ४९ लाख ९५ हजार. त्यावर आयजीएसटी समजा १८ टक्के, म्हणजे जवळपास ९ लाख. एकूण कर चौदाच्या घरात, ग्लायडर ५९ लाखांना डेपोत उभं. जीएसटीची परतफेड धंदेवाल्याला मिळते. शिकवणीचं काम करणाऱ्या संस्थेला बहुधा नाही, तुमच्या सीएला विचारा.

याच्या आधीचा खर्च: जाणकार माणूस जर्मनीला जाऊन ग्लायडर बघणार, उडवून बघणार. विमान तिकीट, व्हिसा, आठवडाभराचा मुक्काम, दोन-अडीच लाख. हे वाचवू नका. ४० लाखांची गाय फोटोवर घेत नाहीत. नंतरचा खर्च: एजंट, डेपोचं शुल्क, नागपूर ते दारव्हा ट्रक, जोडणी, वजन करणं, डीजीसीएचं शुल्क आणि तपासणीला येणाऱ्यांची व्यवस्था, सुटे भाग. माझ्या अंदाजाने सात-आठ लाख. वायरलेस सेट सोबत आला तर त्याचा परवाना वेगळा, दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाकडून. पॅराशूट जुनं आलं तर ते कापडच समजा, कारण त्यांचं आयुष्य ठरलेलं असतं आणि जुनं कुणी वापरून देत नाही. ट्रेलर कुणी फुकट देतो म्हटलं तरी हुरळून जाऊ नका. कस्टम्समध्ये तो वेगळा माल, ८७१६ खाली, आणि आपल्या आरटीओत त्याची नोंद करताना नाकी नऊ येतात. इथल्या एमआयडीसीत चांगला फॅब्रिकेटर गाठून दोन महिन्यांत करून घ्या.

म्हणजे ४० चे ७० झाले, आणि अजून ते जमिनीवर आहे.

बँकेचं सोपं आहे. संस्थेच्या नावावर आयात-निर्यात कोड काढा, ऑनलाइन निघतो, पाचशे रुपये शुल्क. आगाऊ पैसे बँकेमार्फत पाठवा. दोन लाख डॉलरच्या खालची आगाऊ रक्कम साधारणपणे परदेशी बँक-हमीशिवाय जाते, तुमचा व्यवहार त्यात बसतो. माल आल्यावर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, बँकेत द्यायचं, नाहीतर ती पुढची वर्षं पत्रं पाठवत बसेल. कुणाच्या नातेवाइकाच्या जर्मन खात्यातून 'मग बघू' असं टोकन देऊ नका. तो पैसा नंतर कागदावर कुठेच बसत नाही.

उडवायचं कसं, हा प्रश्न तुमच्या पत्रात नव्हताच, आणि मला खटकलं ते हेच. ग्लायडर ओढून वर न्यावं लागतं. विमानाने ओढायचं तर ओढणारं विमान, त्याचा पायलट, आणि एव्हिएशन गॅसोलीन. ते पेट्रोल आता इंडियन ऑइल वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवतं, २०२२ पासून, आधी बाहेरून यायचं. तरी दारव्ह्याला पिंपं आणून साठवणं हा स्वतंत्र धंदा आहे. तुमच्यासाठी विंच, म्हणजे जमिनीवरून दोर भराभर गुंडाळून ग्लायडर वर खेचणारं यंत्र. मोठ्या ट्रकचं डिझेल इंजिन, दोनशे अश्वशक्तीच्या वर, ड्रम, आणि एक किलोमीटर दोर. दोराच्या लांबीच्या साधारण ३५-४० टक्के उंची मिळते, म्हणजे साडेतीनशे-चारशे मीटर. एका उड्डाणाला डिझेल लिटरभर, तेही पुरे. विंचवरची कुऱ्हाड, म्हणजे अडकलेला दोर क्षणात कापणारं यंत्र, चालत नसेल तर त्या दिवशी उड्डाण नाही. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये एक कमकुवत दुवा लावतात. जोर जास्त झाला तर तो तुटतो, पंख वाचतो. एएसके-२१ला काळा, हजार डेकान्यूटनचा, म्हणजे साधारण एक टन जोराचा. आपल्या पोरांच्या हाती लागला की ते 'तुटतो म्हणून' जाड बोल्ट लावतात. मी हे बघितलंय, आणि त्या दिवशी मी वयाला न शोभेल असं बोललो होतो.

जागा. तुमचं बरड हे तुमचं खरं भांडवल. काळ्या मातीत ग्लायडर चालत नाही: पावसात चाक रुततं, उन्हाळ्यात भेगांत अडकतं. मुरमाड, निचऱ्याची, हजार-बाराशे मीटर सरळ आणि शंभर मीटर रुंद पट्टी मिळाली तर सोनं. ती ई-क्लास, म्हणजे गावाची गुरचरण जमीन, असेल तर गुरांचा हक्क आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, तहसील, जिल्हाधिकारी असं वर जायचं. आणि हवाई क्षेत्रासाठी नागपूर एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, बोलायचं. कडेची विजेची लाइन ही सगळ्यात वाईट गोष्ट. वावरातला धुरा दिसतो, तारा वरून दिसत नाहीत.

शेड म्हटलं की तुम्ही गावातली बंद पडलेली जिनिंग दाखवाल, ते मला माहीत आहे. जागा मस्त असते, पण वर पत्रा आणि आत सरकीची धूळ. पत्र्याखाली दुसरं छत, थर्मोकोल किंवा तट्ट्याचं, आणि वर पांढरा रंग. उंदीर फार, कारण सरकी. उंदराने चावलेली कंट्रोलची दोरी आतून कशी दिसते, ते मी पोरांना दाखवायला बाटलीत ठेवलंय.

दोन बारीक गोष्टी, ज्या जर्मन मालकाला सुचणार नाहीत. एएसके-२१मध्ये एकट्याने उडायला पुढच्या सीटवर किमान ७० किलो लागतात, नाहीतर तोल मागे जातो. आपली सतरा-अठरा वर्षांची पोरं ५२-५५ किलोची. त्यामुळे पुढे बसवायच्या शिशाच्या पट्ट्या ग्लायडरसोबतच मागून घ्या, आणि कुणाला किती हे चुन्याने भिंतीवर लिहून ठेवा. दुसरं, जुन्या ग्लायडरमध्ये पंख जोडताना कंट्रोलचे सांधे हाताने लावून पिन घालावी लागते. पिन विसरली की सांधा हवेत सुटतो. जगभरात माणसं गेलीत त्याने. एकाने लावायचं, दुसऱ्याने बघायचं, तिसऱ्याने पंखाची हलती पट्टी धरून जोर द्यायचा आणि पहिल्याने कॉकपिटमधली कंट्रोलची कांडी हलवून खात्री करायची. रोज.

एवढं सगळं असूनही मी तुम्हाला 'नका करू' म्हणत नाही. आपल्या भागासारखी हवा युरोपवाल्याला स्वप्नात मिळते. पळाटी काढून झालेल्या काळ्या वावरावर फेब्रुवारी-मार्चची अकरा वाजताची हवा उठते, घारी पंख न हलवता वर जातात, आणि वावटळ धुळीचा खांब उभा करून दाखवते की मी इथे आहे. मात्र मे महिन्यात ती हवा पातळ आणि उद्धट होते, शिकाऊ पोरांना त्यात नेऊ नका. पावसाळा पूर्ण बंद. म्हणजे उडायला वर्षाचे सहा-सात महिने.

मग देणगीदाराच्या पंधरा लाखांचं काय करायचं? माझं मत विचाराल तर या वर्षी एक युरोही पाठवू नका. दोन तरुण शिक्षक आणि दोन पोरं शिकायला पाठवा, जिथे ग्लायडिंग चालू असेल तिथे, महिनाभर. ग्लायडरच्या कागदावर सही करू शकणारा परवानाधारक इंजिनिअर शोधा आणि त्याला आत्ताच सोबत घ्या. तो मिळणं ग्लायडर मिळण्यापेक्षा कठीण आहे, आणि तो नसेल तर ७० लाखांचं ग्लायडर दर वर्षी जमिनीवरच उभं राहील. पट्टी साफ करा, मोजा, कागद लावा. विंचचं काम सुरू करा, पण रचना जाणकाराकडून तपासून घ्या, लोहार कितीही हुशार असला तरी. एवढ्यात पंधरा लाख आणि दीड वर्ष जाईल. तोवर दुसरी संस्था शोधा, आणि देणगीदाराला खरा आकडा सांगा. तो पळून गेला तर आत्ता जाऊ दे, कंटेनर डेपोत अडकल्यावर जाण्यापेक्षा.

एएसके-१३च्या मालकाला मात्र नम्रपणे नकार कळवा, आणि त्याला एक विचारा: त्याचा क्लब एएसके-२१ विकतोय का, किंवा कुणी विकणारं माहीत आहे का. जर्मन क्लबवाले एकमेकांना ओळखतात. नाव मिळालं तर लॉगबुकची शेवटची दोन पानं, शेवटच्या वार्षिक तपासणीचा कागद आणि एकूण तास व लँडिंगची संख्या मला पाठवा. फोटो नको. आणि तुमच्या बरडाची लांबी पावलांनी नाही, फितीने मोजा, दोन्ही टोकांच्या तारांच्या खांबांसकट.